बापाचं अपंगत्व, मुलांचा हिस्सा

अमेरिकेत नोकरी करणारा माणूस अपंगत्वामुळे घरी बसला, तर सोशल सिक्युरिटी या सरकारी विमा योजनेकडून त्याला दरमहा रक्कम मिळू शकते. त्याच्या मुलांनाही हिस्सा असतो, पण तो आपोआप येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात चौकशा फार. मूल पोटचं, दत्तक की सावत्र? आईवडिलांचं लग्न झालं होतं का? अठरा पूर्ण झाली असतील तर अजून शाळेत आहे का? मूल स्वतः अपंग असेल, तर बाविसाव्या वर्षाआधीपासून का? न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाच्या पगारातूनही या योजनेसाठी दरमहा कपात होते, व्हिसा एच-वन-बी असला तरी. पण ही वेळ येईपर्यंत असा अर्ज असतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. त्यातले प्रश्न आगाऊ वाटतात खरे, पण जवळपास प्रत्येकामागे एक जुना वाद आहे.

१९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सही केली त्या सोशल सिक्युरिटीच्या मूळ कायद्यात पेन्शन होती ती म्हाताऱ्या कामगाराला, आणि एकट्यालाच. १९३९ च्या दुरुस्तीत बायकामुलं आली, पण निवृत्त किंवा मृत कामगाराचीच. अपंगत्वाला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. म्हातारपणाला जन्मतारीख असते, मरणाला दाखला असतो. ‘याला आता काम होणार नाही’ हे मात्र डॉक्टरच्या मतावर. खर्च कुठवर जाईल याचा अंदाज येईना. डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, तर उघड विरोधात होती. १९५६ मध्ये सिनेटमध्ये ही तरतूद ४७ विरुद्ध ४५ अशी जेमतेम तरली. तीही फक्त पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी, आणि पुन्हा एकट्या कामगारापुरती.

त्यामुळे काही काळ चमत्कारिक परिस्थिती होती. बाप वारला तर मुलांना दरमहा पैसे. बाप जिवंत पण अंथरुणाला खिळलेला, तर मुलांच्या नावाने काही नाही. खाणारी तोंडं तितकीच, वर औषधपाण्याचा खर्च. १९५८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने ही विसंगती दूर झाली. (आपल्याकडे ती अजून आहे. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्या सभासदाला पेन्शन आहे, पण मुलांची वेगळी पेन्शन सुरू होते ती तो गेल्यावरच.)

तरी १९५८ चा खरा उपयोग व्हायला आणखी दोन वर्षं लागली. पन्नाशीच्या पुढच्या माणसाची मुलं बहुधा कमावती झालेली असतात. १९६० मध्ये वयाची अट गेली, तेव्हा कुठे तिशी-चाळिशीतल्या बापांची शाळकरी मुलं योजनेत आली.

शाळेचा प्रश्न १९६५ चा. त्या वर्षी शिकणाऱ्या मुलांना बाविसाव्या वर्षापर्यंत हिस्सा मिळू लागला आणि कितीतरी जणांचं कॉलेज त्यावर झालं. रेगन यांच्या काळात, १९८१ मध्ये, तो टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. आता बारावीपर्यंतच्या शाळेत असलेल्या मुलाला फार तर एकोणिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. स्वतः अपंग असलेल्या मुलाचं अपंगत्व पूर्वी अठराव्या वर्षाआधीपासूनचं असावं लागे; १९७२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा बावीस झाली.

लग्नाच्या चौकशीमागे कोर्टकचेरी आहे. हिमेनेज नावाच्या अपंग कामगाराच्या, लग्नाशिवाय झालेल्या मुलांना हिस्सा नाकारला गेला, कारण ती त्याला अपंगत्व आल्यानंतर जन्मली होती. पैशासाठी कुणीही खोटी मुलं उभी करील, ही सरकारची भीती. पण ही मुलं त्याचीच, याबद्दल वाद नव्हता. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की अशा मुलांना आपलं नातं सिद्ध करायची संधीच न देणं घटनेत बसत नाही.

पैशांचं गणित सगळ्यात वाईट बदललं १९८० मध्ये. मुलाचा हिस्सा बापाच्या मूळ रकमेच्या निम्मा, पण तेव्हापासून अपंग कामगाराच्या सगळ्या कुटुंबाला मिळून त्या रकमेच्या दीडपटीहून जास्त मिळत नाही. बापाला १,६०० डॉलर बसत असतील तर मुलांसाठी उरतात ८००. एक मूल असेल तर सगळे त्याचे. चार असतील तर प्रत्येकी २००. बापाचे पैसे कापले जात नाहीत, भावंडं एकमेकांचा वाटा खातात.

दुसरी मर्यादा त्याहून कडक. कुटुंबाची रक्कम पूर्वीच्या सरासरी कमाईच्या ८५ टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही; घरी बसून पगाराहून जास्त मिळायला नको, हा विचार. पण अगदी कमी पगारवाल्याची स्वतःचीच रक्कम सरासरीच्या ९० टक्के बसते. ती त्याला पूर्ण मिळते आणि मुलांसाठी काही उरत नाही. दाखले जोडलेले, अर्ज बिनचूक, मूल नियमात बसणारं, तरी हाती शून्य.