अर्दबीलच्या गालिच्यांची जोडी

‘गालिचा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे मोठा तो ‘काली’ आणि लहान तो ‘कालीचे’. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा गालिचा अर्थातच काली. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरांहून जास्त.

इराणच्या वायव्येला अर्दबील इथे सूफी शेख सफी अल-दीन यांचा दर्गा आहे. त्यांच्याच वंशातल्या इस्माईलने १५०१ मध्ये सफवी राजवट उभारली. त्याचा मुलगा शाह तहमास्प याच्या काळात दर्ग्याचा विस्तार झाला आणि तिथे अंथरायला गालिच्यांची जोडी विणली गेली.

तंबूत आणि खेड्यापाड्यांत बायका आठवणीतल्या नक्षीवर विणत आल्या होत्या. दरबारी कारखान्यांत मात्र पोथ्या सजवणाऱ्या चित्रकारांची नक्षी आधी कागदावर उतरू लागली. म्हणूनच गालिच्याच्या मधोमधची मोठी नक्षी, म्हणजे पदक, जुन्या फारसी पोथीच्या पुठ्ठ्यावरून उचलल्यासारखं दिसतं. विणकर त्याला ‘तोरंज’ म्हणतात. तोरंज म्हणजे महाळुंग. अर्दबीलचं तोरंज पिवळं आहे, आणि त्याच्या दोन टोकांना लहानमोठे दोन दिवे लटकलेले दाखवले आहेत.

खालचे धागे रेशमाचे, वरची लव लोकरीची, कारण लोकर रंग चांगला धरते. नीळ, डाळिंबाची साल अशा वनस्पतींपासून काढलेले दहा रंग. एकेक गाठ बोटांनी मारायची, कापायची, ओळ पुरी झाली की ठोकून बसवायची. अशा अडीच कोटींच्या आसपास गाठी!

एका टोकाला फारसी कवी हाफिझच्या दोन ओळी विणल्या आहेत: तुझ्या उंबरठ्यावाचून जगात मला आसरा नाही. त्याखाली ‘या दाराचा दास मकसूद काशानी’ आणि हिजरी सन ९४६, म्हणजे १५३९-४०. मकसूदने बहुधा काम करवून घेतलं असावं. ज्यांनी गाठी मारल्या, त्यांच्यापैकी एकाचंही नाव उरलेलं नाही, हे मला फार लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही गालिचे झिजलेल्या अवस्थेत विकले गेले. एकाचे तुकडे कापून दुसरा पुरा केला गेला. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीवरून संग्रहालयाने १८९३ मध्ये तो २,००० पौंडांना घेतला. तुकडे कापल्याने काठ गमावलेला जोडीतला गालिचा आज लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे.