ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल घरी बदलणे

ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरबॉक्समधले तेल, म्हणजे एटीएफ, मालकाने गॅरेजची वाट न धरता स्वतः काढून नवे भरण्याची रीत. ती मुख्यतः अमेरिकेत रुजली. ऑटोमॅटिक गाड्या तिथे आधी आल्या, घरासमोर गाडीखाली शिरण्याइतकी सपाट, मालकीची जागा असते आणि मेकॅनिकची मजुरी तासावर आकारली जाते. शिवाय १९७५च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे, केवळ मालकाने स्वतः देखभाल केली एवढ्या कारणावरून तिथल्या उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही. तेलाच्या पावत्या मात्र जपून ठेवाव्या लागतात. हे काम इंजिन ऑइल बदलण्यापेक्षा अवघड समजले जाते, पण त्याचे कारण तेल काढणे हे नव्हे. बोल्ट सोडला की तेल आपोआप पडते. कोणते तेल भरायचे आणि नेमके किती, हे दोन प्रश्न खरी परीक्षा घेतात.

तेल आणि त्याचे काम

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल फक्त वंगण असते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या जोरावर जोडणाऱ्या भागातून) पुढे नेणे, व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटांतून दाब पोहोचवून गिअर बदलणे, आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे आणि दात्यांना व बेअरिंगला वंगण देणे ही सगळी कामे तेच करते. त्यातही एक अंतर्विरोध आहे. दाते घासू नयेत म्हणून तेल निसरडे हवे आणि क्लच प्लेटा एकमेकींना धरून बसाव्यात म्हणून ते फार निसरडे चालत नाही. हा तोल घर्षण-नियंत्रक रसायने सांभाळतात, आणि तेल जुने होते तेव्हा मुख्यतः हीच रसायने झिजलेली असतात.

जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स १९४० मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये आला. १९४९ साली कंपनीने अशा तेलासाठी ‘टाइप ए’ हे मानक ठरवले आणि १९६७ साली डेक्सरॉन आणले. त्या काळात घर्षण-नियंत्रक म्हणून स्पर्म व्हेलचे तेल वापरले जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या उत्पादनांवर बंदी आल्यावर पर्याय शोधावे लागले, आणि सुरुवातीच्या एका पर्यायाने कूलरच्या धातूलाच गंज चढवला. फोर्डने आपल्या ‘टाइप एफ’ तेलात वेगळीच वाट धरली होती. त्यात निसरडेपणा आणणारी रसायने जवळजवळ नसत, त्यामुळे गिअर झटक्याने पडत. एकाचे तेल दुसऱ्याला चालत नाही हा नियम तेव्हापासूनचा आहे.

पुढे तेले पातळ होत गेली. डेक्सरॉन ३ची श्यानता, म्हणजे दाटपणा, १०० अंश सेल्सिअसला साधारण साडेसात सेंटीस्टोक (श्यानतेचे एकक) असे. २००५ साली आलेल्या डेक्सरॉन ६ची सहाच्या आसपास असते. टोयोटाचे ‘डब्ल्यूएस’ही अशाच पातळ तेलांपैकी. ‘सर्व गाड्यांना चालते’ असे डब्यावर छापलेले असले तरी गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या नावाशी ते ताडून पाहिल्याशिवाय ओतू नये. लाल रंगावर तर अजिबात विसंबू नये. गळती इंजिनाची की गिअरबॉक्सची हे ओळखता यावे म्हणून तो रंग घातलेला असतो. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही, आणि चांगले तेलही वापरात लवकरच तपकिरी होते. जळका वास मात्र खरे बोलतो.

भारतीय गाड्यांचा घोळ

भारतात ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत चार वेगळ्या जातींचे गिअरबॉक्स असतात (एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टरचा आणि दोन क्लचचा, ज्याला फोक्सवॅगन डीएसजी म्हणते), आणि परदेशातले व्हिडिओ पाहून काम काढणारे इथेच फसतात. २०१४ साली मारुतीने सेलेरिओतून आणलेला एएमटी मुळात मॅन्युअलच आहे. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे एवढेच यंत्र करते, म्हणून त्यात मॅन्युअलचे गिअर ऑइल लागते, एटीएफ नव्हे. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये चेपून धरलेला असतो. त्याची पकड धातूवर धातूची असल्याने त्याला स्वतःचे तेल लागते. होंडा सिटीच्या सीव्हीटीला होंडाने एचसीएफ-२ सांगितले आहे; त्यात साधे एटीएफ ओतले तर पट्टा घसरतो आणि पुलीवर चरे पडतात. ते नुकसान पुन्हा तेल बदलून भरून येत नाही.

चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ साली आली तेव्हा एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकार होते. एक लिटर इंजिनासोबत टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा बॉक्स आणि दीड लिटरसोबत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी. या डीएसजीत गिअरचे तेल आणि नियंत्रक भागाचे तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असते. दुकानदाराला नुसते ‘व्हर्टस ऑटोमॅटिक’ सांगून भागत नाही ते यामुळे. या नोंदीतले पुढचे वर्णन टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचे आहे.

निघते किती

बोल्ट सोडल्यावर खालच्या पॅनमधले तेल पडते. टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांतले आतच राहते. १९७०च्या दशकापर्यंत अनेक अमेरिकन गाड्यांच्या कन्व्हर्टरलाच वेगळा ड्रेन बोल्ट असे. उत्पादकांनी तो काढून टाकल्यापासून एका खेपेत साधारण ३० ते ५० टक्केच तेल बदलते. ४० टक्के धरले तर पहिल्या खेपेनंतर नव्या तेलाचा वाटा ४० टक्के, मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलल्यावर ६४ टक्के आणि तिसऱ्यांदा ७८ टक्के होतो. म्हणजे आठ लिटरच्या गिअरबॉक्सला साडेनऊ लिटरहून जास्त तेल विकत घेऊनही पाचवा हिस्सा जुनाच राहतो.

त्यावर काही जण कूलरकडून परतणारी नळी सोडून ती बादलीत धरतात, इंजिन चालू करून गिअरबॉक्सच्याच पंपाने जुने तेल बाहेर काढतात आणि लिटरभर पडले की इंजिन बंद करून तेवढेच नवे ओततात. तेल जवळजवळ पूर्ण बदलते. पण चावीपाशी एक आणि बादलीपाशी एक अशी दोन माणसे लागतात, आणि क्षणभर दुर्लक्ष झाले तर पंप कोरडा फिरतो. नियमित देखभाल असलेल्या गाडीला या खटाटोपाची गरज नसते. दर काही वर्षांनी एकदा साधे काढून भरणे पुरते.

कृती

तेल कोमट असावे, कढत नसावे. गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचलावी लागते, कारण फक्त पुढून वर केली तर पुढे पातळीचे सगळे गणित चुकते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे. जाणते लोक आधी भरायचा बोल्ट सैल करून बघतात आणि मग काढायच्या बोल्टला हात लावतात. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तेल आधीच काढून बसलात, तर गाडी टो करून नेण्यावाचून इलाज उरत नाही.

निघालेले तेल खुणा केलेल्या बाटल्यांत मोजावे. घरगुती कामात यासारखी उपयोगाची सवय दुसरी नाही, कारण आधी गळती नसेल तर जितके निघाले तितकेच भरणे ही सुरुवातीची पातळी जवळपास बरोबर बसते. पॅन उतरवता येत असेल तर आतला फिल्टर बदलावा आणि चुंबक पुसून घ्यावा. चुंबकावर मऊ, करडा चिखल सापडणारच, तो क्लच आणि पोलादाच्या रोजच्या झिजेचा असतो. बोटांना टोचणारा कीस किंवा तुकडे दिसले तर तेल बदलून फार काही साधणार नाही. काही जर्मन गिअरबॉक्समध्ये पॅन प्लॅस्टिकचे असून फिल्टर त्यातच बसवलेला असतो, तेव्हा अख्खे पॅनच बदलावे लागते. पॅनचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसतात आणि त्यांची घट्टाई बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांचे आटे जातात. टॉर्क पाना (ठरावीक जोरालाच आवळता येणारा पाना) भाड्याने आणावा पण वापरावा.

पातळी

सात लिटर तेल ५० अंशांनी तापले की सुमारे पाव लिटरने फुगते. म्हणून तापमान सांगितल्याशिवाय ‘पातळी बरोबर आहे’ या वाक्याला अर्थ नाही. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो. जास्त झाले तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही आणि क्लच घसरतात. दोन्ही चुकांचा शेवट एकच.

डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, असलेल्या बहुतेक गाड्यांत तेल गरम करून, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून फिरवून, पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून पातळी बघतात. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये उलटे आहे. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन तापवायचे, ते बंद करायचे आणि साठ ते नव्वद सेकंदांत पट्टी बघायची. एका कंपनीची सवय दुसऱ्या गाडीवर चालवली तर हमखास घोळ होतो.

नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. त्याऐवजी पॅनच्या तळाशी एक उभी नळी असते. ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू असताना तळाचा बोल्ट काढायचा. नळीच्या तोंडाहून वरचे तेल वाहून जाते आणि धार तुटून बारीक ठिबक उरली की बोल्ट लावायचा. काहीच पडले नाही तर तेल कमी आहे. टोयोटाच्या अनेक बॉक्समध्ये हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असते. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये ते ३० ते ५० अंश असते आणि तिथे बाजूच्या भरायच्या भोकातून तेल ओसंडेपर्यंत भरतात. काही टोयोटांत दोष तपासण्याच्या सॉकेटमधल्या दोन पिना तारेने जोडल्या की डॅशबोर्डवरचा ‘डी’चा दिवा तापमानाची खूण देतो, इतरांना ओबीडी रीडर, म्हणजे त्या सॉकेटला जोडून गाडीचे आकडे वाचणारे यंत्र, लागते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे काम पहाटेच करावे लागेल, कारण दुपारी सावलीत उभ्या गाडीतले तेलही ४० अंशांवर असते आणि इंजिन चालू करताच मर्यादा ओलांडते.

कधी बदलावे

अनेक उत्पादक हे तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे अशी मुदत देते. गाडी विकणाऱ्यापेक्षा बॉक्स बनवणाऱ्याचे ऐकणे शहाणपणाचे. घाटरस्ते, टोइंग आणि शहरातली थांबत-चालत वाहतूक तेल तापवते आणि ही मुदत आखूड करते.

फार जुन्या बॉक्सचे तेल बदलल्याने तो बिघडतो, असे गॅरेजांत सर्रास सांगतात. यात काळाचा क्रम उलटा लावला जातो. बहुतेक लोक गाडी झटके मारू लागली, गिअर उशिरा पडू लागला की मगच तेलाकडे वळतात. तोवर क्लच प्लेटा गेलेल्या असतात आणि खापर नव्या तेलावर फुटते.

वापरलेले तेल

ते गटारात किंवा मातीत ओतू नये. अमेरिकेत सुट्या भागांची अनेक दुकाने ते फुकट परत घेतात. भारतात वापरलेले तेल २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे. घरी काम करणाऱ्याने ते झाकणाच्या डब्यात भरून अशांना तेल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे पोहोचवावे. कूलंट किंवा ब्रेक ऑइल त्यात मिसळू नये, मिसळलेले तेल सहसा कोणी घेत नाही.