नामवंतांचा खासगीपणा आणि छापण्याचा हक्क : १९९४ पासूनची पार्श्वभूमी

नामवंतांच्या खासगीपणावरचे खटले आजही ज्या निकालावर उभे राहतात, तो निकाल फाशीच्या एका कैद्याच्या आत्मचरित्रावरून लागला. सहा खुनांत दोषी ठरलेल्या ‘ऑटो शंकर’ने ते तुरुंगात लिहिलं. त्यात अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख होता, म्हणून ते छापू नका असं तुरुंग प्रशासनाने ‘नक्कीरन’ या तमिळ नियतकालिकाला कळवलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर १९९४ रोजी दोन गोष्टी एकदम सांगितल्या. कुटुंब, विवाह, मातृत्व अशा बाबी संमतीशिवाय छापता येत नाहीत, पण न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींतलं छापता येतं. आणि बदनामीच्या भीतीने सरकारला किंवा अधिकाऱ्यांना प्रसिद्धीआधी बंदी घालता येत नाही. दाद मागायची ती प्रसिद्धीनंतर.

खरी अडचण दुसऱ्या मुद्द्यात आहे. बदनामीची भरपाई मिळू शकते, फुटलेलं गुपित परत झाकता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फूलनदेवी यांच्या अर्जावरून ‘बँडिट क्वीन’चं प्रदर्शन रोखलं. पडद्यावरचे अत्याचार हयात स्त्रीवरचे होते, हे तिथे निर्णायक ठरलं.

पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. मात्र अभिव्यक्तीवर निर्बंधांची मुभा देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये बदनामी आहे, खासगीपणा नाही. त्यामुळे या दोन हक्कांचं वजनमाप दर प्रकरणात नव्याने करावं लागतं.

व्यवहारात दावे फसतात ते बहुधा मागणी सरसकट असल्यामुळे. जुलै २०२१ मध्ये शिल्पा शेट्टी यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांवर सरसकट बंदी घालायला नकार दिला. पोलिसांच्या हवाल्याने दिलेली बातमी बदनामीकारक ठरत नाही, असं म्हटलं. म्हणून दाव्यात प्रत्येक लिंक, नेमकं वाक्य, व्हिडिओतली वेळ आणि त्यातलं खोटं किंवा खासगी काय, हे वेगवेगळं मांडावं लागतं. वारसांनी केलेला दावा तर आणखी दुबळा : सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या प्रकरणात खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं.

मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या लेखाबाबत सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मनाई हुकमाची पायरी आणखी उंच केली. पूर्ण सुनावणीआधी लेख हटवायला लावायचा, तर मजकूर दुष्ट हेतूने लिहिलेला किंवा उघड खोटा असल्याचं सकृद्दर्शनी दिसायला हवं. दुसऱ्या बाजूला न ऐकता एकतर्फी हुकूम देताना तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ३ नुसार कारणं लिहून ठेवणं बंधनकारक आहे. कारणांऐवजी नुसते साचेबद्ध शब्द असलेला हुकूम अपिलात टिकणं कठीण.