एलीया आणि अलीशा: फरक नावाच्या उत्तरार्धात

मराठी बायबलातील ‘राजे’ या नावाच्या दोन पुस्तकांत एलीया आणि अलीशा हे संदेष्टे एकामागोमाग येतात. दोघे गुरुशिष्य, दोघेही इसवी सनपूर्व नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यात वावरलेले, आणि दोघांच्याही नावावर विधवेच्या घरचे तेल न संपल्याची व मेलेले मूल उठवल्याची कथा आहे. त्यामुळे कोणता चमत्कार कोणाचा, याची गल्लत नेहमीच होते. त्यात ‘अलीशा’ हे आजच्या मराठी कानाला मुलीचे नाव वाटते, ही आणखी एक अडचण.

मराठीत एक नाव ‘ए’ने आणि दुसरे ‘अ’ने सुरू होत असले, तरी हिब्रूत दोन्ही नावांची पहिली तीन अक्षरे एकच आहेत: आलेफ, लामेद, योद. ‘एल’ म्हणजे देव आणि ‘एली’ म्हणजे माझा देव. वधस्तंभावरील येशूने ‘एली, एली’ अशी हाक मारली तेव्हा जवळ उभ्या असलेल्यांपैकी काहींना तो एलीयाला बोलावतो आहे असे वाटले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. ही गल्लत, तेव्हा, आपल्यापुरतीच नाही.

फरक उत्तरार्धात आहे. एलीयाचे हिब्रू नाव एलियाहू. त्यातील ‘याहू’ हे इस्राएलच्या देवाच्या विशेषनामाचे आखूड रूप असून, ‘याहवे हाच माझा देव’ असा पूर्ण नावाचा अर्थ होतो. (ते विशेषनाम धर्मनिष्ठ यहुदी उच्चारत नाहीत, माणसांच्या नावांत मात्र त्याचा हा तुकडा रोज उच्चारला जातो.) अलीशाच्या नावात त्या जागी सुटका, तारण या अर्थाचा धातू आहे, म्हणून त्याचा अर्थ ‘देव तारण आहे’. याच धातूपासून यहोशवा आणि पुढे येशू ही नावे आली. या दोन नावांचे वेगळे पडणारे उत्तरार्ध यशया या संदेष्ट्याच्या नावात मात्र एकत्र भेटतात: त्याचे हिब्रू रूप येशायाहू, म्हणजे ‘याहवे तारण आहे’.

एलीयाच्या काळात त्याचे नाव ही एक बाजू घेण्यासारखी गोष्ट होती. अहाब राजाची राणी ईजबेल बआल नावाच्या दुसऱ्या देवाची उपासक होती, आणि देव नेमका कोण हाच राज्यापुढचा प्रश्न होता. कर्मेल डोंगरावर एकटा एलीया बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर उभा राहतो आणि वेदीवर अग्नी उतरल्यावर लोक पालथे पडून ‘याहवे हाच देव’ असे दोनदा म्हणतात. ती आरोळी म्हणजे जवळजवळ एलीयाचे नावच आहे.

अलीशाच्या वाट्याला असा एक मोठा प्रसंग नाही. बैलांच्या १२ जोड्यांपैकी बाराव्या जोडीमागे तो नांगरत असताना एलीयाने त्याच्यावर आपला झगा टाकला, तेव्हा त्याने जुवाच्या लाकडावर त्याच बैलांचे मांस शिजवून लोकांना जेवू घातले आणि गुरूच्या मागे निघाला. पुढची त्याची कामे गावातल्या अडीअडचणींची: यरीहोचे वाईट पाणी मीठ टाकून गोडे करणे, नदीत पडलेले उसन्या कुऱ्हाडीचे पाते वर आणणे, अरामी सेनापती नामान याचा कोड घालवणे. मरणशय्येवर तो राजाच्या हाताने खिडकीतून बाण सोडवून त्याला ‘तारणाचा बाण’ म्हणतो, आणि हिब्रूत तो शब्द त्याच्या नावातल्याच धातूचा आहे. तरीही नावावरून चरित्र बेतलेले आहे असे म्हणणे मला घाईचे वाटते, कारण दुष्काळात सारफथच्या विधवेला जगवणारा एलीयाच होता.

धार्मिक महत्त्वात मात्र दोघांची बरोबरी नाही, आणि त्याचे कारण नावापेक्षा शेवटात आहे. अलीशा आजाराने मेला, त्याला पुरले. त्याच्या अस्थींना स्पर्श होताच एक मृत माणूस उठला, पण तो स्वतः परतेल अशी वाट कोणी पाहत नाही. एलीया मेलाच नाही. अग्निरथ दिसला आणि तो वावटळीतून वर गेला. परमेश्वराच्या महान दिवसापूर्वी तो पुन्हा येईल असे मलाखी संदेष्टा सांगतो, म्हणून वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी घरांत त्याच्यासाठी द्राक्षारसाचा प्याला भरतात आणि सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. ख्रिस्ती परंपरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानामध्ये त्याचे येणे पाहते. कुराणात इल्यास आणि अल-यसा असे दोघांचेही उल्लेख आहेत, पण अल-यसाचे नाव केवळ यादीत येते.

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने तर एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्टा एलीयाला, आपल्या मातीतच आणले. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा मांडून त्याचे नाव घेतले जाते, आणि स्वर्गात जाताना तो अलिबागजवळच्या खंडाळे गावी थांबला होता, असे सांगून तिथल्या खडकावरची खूण दाखवतात. मलिद्याच्या ताटापुढे अलीशाचे नाव कोणी घेत नाही.