विमानतळावरचे हळू चालणारे आणि टक्कर होण्याआधीचे तीन सेकंद

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सोशल मीडियावर एक तक्रार हमखास फिरू लागते. विमानतळावर लोक फार हळू चालतात, वाट अडवतात, त्यांच्यासाठी वेगळी मार्गिका हवी, अशी ती तक्रार. खाली शेकडो लोक सहमती दाखवतात. घाईत असताना पुढचा माणूस रमतगमत चालला की जीव टांगणीला लागतो, हे मलाही कळतं. पण या तक्रारीत जे गृहीत धरलेलं असतं ते तपासायला हवं. हळू चालणं म्हणजेच अडथळा, हे ते गृहीतक. पादचाऱ्यांच्या हालचालींचा गेल्या काही दशकांत जो अभ्यास झाला आहे, तो नेमका याच्या उलट बोट दाखवतो.

आधी माणसं किती वेगाने चालतात ते पाहू. स्विस अभियंते उलरिख वाइडमन यांनी १९९३ मध्ये तोवरच्या बऱ्याच नोंदी एकत्र करून मोकळ्या जागेत चालण्याचा सरासरी वेग काढला: सेकंदाला १.३४ मीटर, म्हणजे ताशी पाच किलोमीटरहून थोडा कमी. हा वेग कुणी ठरवून दिलेला नाही. चालताना टेकलेला पाय उलट्या लंबकासारखा काम करतो. शरीर पायावरून वर चढतं आणि पुढे उतरतं, आणि या चढउतारात उंचीची ऊर्जा गतीत व गतीची ऊर्जा उंचीत बदलत राहते. ही देवाणघेवाण एका ठरावीक वेगाच्या आसपास सर्वांत चांगली जमते. त्याहून हळू चाललं किंवा जोरात चाललं तर प्रत्येक मीटरमागे जास्त शक्ती खर्च होते. म्हणून आपण नकळत तोच वेग पकडतो.

पण हा सोयीचा वेग पायाच्या लांबीवर अवलंबून असतो. लंबकाचा दोर आखूड झाला की झोक्याचा काळ बदलतो हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. चालण्याच्या बाबतीत ढोबळ नियम असा की सोयीचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. मोठ्या माणसाचा पाय ९० सेंटिमीटरचा आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाचा ५० सेंटिमीटरचा धरला, तर मुलाचा सोयीचा वेग मोठ्यांच्या सुमारे पाऊण पट येतो: सेकंदाला एक मीटर. म्हणजे मुलाचा हात धरून चाललेली आई आपसूकच मागच्या माणसापेक्षा पाव हिश्शाने हळू चालणार. यात बेशिस्त कसली?

वयस्कर माणसांचंही तेच. अमेरिकेत २०११ साली ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ जणांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चालण्याचा वेग जितका जास्त तितकी पुढची आयुर्मर्यादाही जास्त, असं त्यात दिसलं. तेव्हापासून ‘भराभर चाला, आयुष्य वाढवा’ असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत. त्या अभ्यासाचा हा सरळसरळ विपर्यास आहे. हृदय, फुप्फुसं, सांधे, मज्जासंस्था, दृष्टी या सगळ्यांची स्थिती चालण्याच्या वेगात उमटते, म्हणून डॉक्टरांना तो वेग मोजणं उपयोगी पडतं. व्यायाम जरूर करावा. पण गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना मागून घाई केल्याने त्यांचं आयुष्य वाढत नाही, पडण्याचा धोका मात्र वाढतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, आणि त्यातला जो भाग मला सर्वांत सुंदर वाटतो त्याच्याकडे. गर्दीत चालताना आपण एकमेकांना टाळतो ते नेमकं कशाच्या आधारावर?

सहज सुचणारं उत्तर म्हणजे अंतर. समोरचा जवळ आला की आपण बाजूला होतो. १९९५ मध्ये डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी गर्दीचं जे प्रसिद्ध गणिती प्रारूप मांडलं, त्यात माणसं एकमेकांना दूर ढकलणाऱ्या कणांसारखी धरली होती. अंतर कमी झालं की ढकलण्याचा जोर वाढतो. या प्रारूपाने बरंच काही समजावून सांगितलं. समोरासमोर येणाऱ्या दोन लोंढ्यांमध्ये कुणीही न सांगता आपोआप रांगा कशा पडतात, हेही त्यातून दिसलं.

पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले इओआनिस कारामूझास व स्टीफन गाय आणि त्यांचे सहकारी ब्रायन स्किनर यांनी फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकात एक वेगळं उत्तर दिलं. त्यांची पद्धत पदार्थविज्ञानातून उचललेली होती. द्रवात दोन रेणू एकमेकांपासून किती अंतरावर किती वेळा आढळतात हे मोजून त्यांच्यातलं बल काढता येतं. जी स्थिती अपेक्षेपेक्षा विरळ आढळते, ती रेणूंना महाग पडते असं समजायचं. माणसांच्या चित्रीकरणांतून या तिघांनी तेच केलं. प्रत्येक जोडी कोणत्या स्थितीत किती वेळा दिसते ते मोजलं. मग माणसांना एकमेकांची दखलच नसती तर ती किती वेळा दिसली असती, हे काढायला त्यांनी वेगवेगळ्या क्षणांच्या नोंदी एकमेकांत मिसळल्या. वेगवेगळ्या वेळी तिथून गेलेली माणसं एकमेकांना टाळू शकत नाहीत, म्हणून ही मिसळ तुलनेला योग्य. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेऊन चिन्ह उलटं केलं की त्या स्थितीची ‘किंमत’ हाती येते; स्थिती अपेक्षेपेक्षा जितकी विरळ, तितकी किंमत जास्त.

ही किंमत अंतराच्या हिशोबात मांडली तर गोंधळ दिसला. एकाच दिशेने, जवळपास सारख्या वेगाने चालणारे लोक एकमेकांना अगदी खेटून चालत होते. समोरासमोर वेगाने येणारे मात्र बऱ्याच लांबूनच वाट बदलत होते. अंतर तेच, वागणं वेगळं. मग त्यांनी अंतराऐवजी दुसरी राशी घेतली: दोघेही आत्ताच्याच वेगाने, आत्ताच्याच दिशेने चालत राहिले तर टक्कर व्हायला किती सेकंद उरले आहेत? आणि सगळे विखुरलेले आलेख एका रेषेवर येऊन बसले. ‘किंमत’ या वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात निघाली. वेळ निम्मा झाला की टाळण्याची निकड चौपट. साधारण तीन सेकंदांच्या पलीकडे ही निकड झपाट्याने विरून जाते. तितक्या पुढच्या टकरीची आपण फिकीर करत नाही, कारण तोवर कुणीतरी वळलेलंच असतं.

हे सूत्र विमानतळावर लावून पाहू. तुम्ही सेकंदाला १.४ मीटर वेगाने चालला आहात. पुढे दीड मीटरवर एक आजी ०.८ मीटरने चालल्या आहेत. तुमच्यातलं अंतर सेकंदाला फक्त ०.६ मीटरने घटतंय, म्हणजे टकरीला अडीच सेकंद आहेत. आता त्याच दीड मीटरवर तुमच्याच वेगाने चालणारा एक धडधाकट तरुण आहे असं धरा. तुम्हा दोघांत टक्कर होणारच नाही, वेळ अनंत. पण त्याचा फोन वाजला आणि तो जागच्या जागी थांबला, तर उरतो जेमतेम १.०७ सेकंद. आजींच्या तुलनेत निकड जवळपास साडेपाच पट. हळू चालणाऱ्या आजींना तुमच्या मेंदूने दुरूनच हिशोबात धरलेलं असतं. भराभर चालून अचानक थांबणारा त्या हिशोबात नसतोच. विमानतळावर वाट अडते ती अशा माणसाने.

मागच्याची जबाबदारीही याच सूत्रातून निघते. पुढच्याला ओलांडायला साधारण ६० सेंटिमीटर बाजूला सरकावं लागतं असं धरू. पाच सेकंद आधी ठरवलं तर दिशा फक्त पाच अंशांनी बदलावी लागते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. एक सेकंद आधी ठरवलं तर तेवीस अंशांची गिरकी घ्यावी लागते, आणि हातात ट्रॉली असेल तर ती शेजारच्याच्या पोटरीवर जाते. आजींच्या पाठीशी जाऊन सुस्कारे टाकणाऱ्याने ते पाच सेकंद आधीच घालवलेले असतात.

त्यातून अगदी जवळ जाऊन मागून ‘एक्सक्यूज मी’ म्हटलं तर आणखी बिघडतं. माणूस आवाजाच्या दिशेने वळतो आणि वळताना थांबतो. आपल्याकडे प्रवासाला निघालेल्याला मागून हाक मारू नये, अपशकुन होतो, असं अजूनही मानतात. कामं बिघडणं आणि हाक यांचा काडीचाही संबंध नाही, ती निव्वळ अंधश्रद्धा आहे. पण चालत्या गर्दीत मागून हाक मारली की पुढचा थबकतो आणि मागच्या तिघांची टकरीपर्यंतची वेळ एका सेकंदावर येते. हाक मारायचीच असेल तर बाजूला येऊन, त्या व्यक्तीच्या नजरेच्या टप्प्यात येऊन मारावी.

टक्कर टाळणं हे दोघांचं काम आहे, हे २०२१ च्या एका जपानी प्रयोगातून फार छान दिसलं. हिसाशी मुराकामी आणि सहकाऱ्यांनी २७-२७ जणांचे दोन गट समोरासमोरून चालवले. रांगा नेहमीप्रमाणे आपोआप पडल्या. मग एका गटातल्या तिघांना चालता चालता फोनवर सोपी गणितं सोडवायला दिली. ते तिघे गटाच्या पुढच्या बाजूला असले की रांगा पडायला उशीर झाला आणि चालण्याचा वेगही घटला. लक्षात घेण्यासारखं हे की अडचण फक्त फोनवाल्यांची राहिली नाही. फोन न पाहणाऱ्यांनाही वाट काढणं जड गेलं, कारण समोरचा कुठे वळणार याचा अंदाजच येईना. या कामाला त्याच वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा गमतीदार पुरस्कार.

रुंदीचा मुद्दा वेगळा, आणि तिथे आपण मराठी कुटुंबं नक्कीच कमी पडतो. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात मेहदी मुसाइद आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावर चालणारे बहुतेक लोक एकटे नसतातच, गटात असतात. जागा मोकळी असेल तर ते एका ओळीत खांद्याला खांदा लावून चालतात. गर्दी वाढली की मधला माणूस थोडा मागे राहतो आणि कडेचे दोघे पुढे येतात, कारण त्या रचनेत तिघांनाही एकमेकांचे चेहरे दिसतात आणि बोलणं चालू राहतं. गर्दी कापत जायला याची उलट रचना, म्हणजे टोक पुढे असलेली, सोयीची झाली असती. पण गप्पा जिंकतात. माणसाने व्यापलेली जागा धरायला जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये ६० बाय ४५ सेंटिमीटरचा लंबगोल सुचवला होता. त्या हिशोबाने तिघे शेजारी-शेजारी म्हणजे किमान एक मीटर ऐंशी, प्रत्येकाच्या बाजूला बॅग म्हणजे त्याहून कितीतरी जास्त. अशा कुटुंबाने सेकंदाला १.४ मीटरने चाललं तरी मागच्याला ओलांडायला जागा नाही. तेच सगळे एकामागे एक हळू चालले तर कुणालाच त्रास नाही.

इथे आपल्या आणखी एका सवयीबद्दल सांगायला हवं. उज्जल चट्टराज, आर्मिन झायफ्रीड आणि पार्थ चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये भारतातल्या आणि जर्मनीतल्या लोकांची तुलना केली. दोन्हीकडे लोकांना एका बंद वळसेदार मार्गावर एकामागे एक चालवलं. मोकळ्या जागेत दोघांचा वेग सारखाच. पण दाटी वाढली की जर्मन जास्त मंदावत, भारतीय कमी. वेग शून्याजवळ आला असताना जर्मन व्यक्तीला साधारण ३६ सेंटिमीटर लांबी लागते असं निघालं, भारतीयाला २२. दादरच्या पुलावर हा फरक कामाचा आहे. फ्रँकफर्टच्या रांगेत मात्र पुढच्याला मागच्याचा श्वास मानेवर जाणवतो. पोरांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

राहिला चालणाऱ्यांसाठीचा सरकता पट्टा. ‘उभे राहणारे एका बाजूला, चालणारे दुसऱ्या’ हा संकेत तिथे ठीक आहे, पण त्यावरून भांडण्याइतका फायदा पट्ट्यावर चालून होत नाही. पट्टा साधारण सेकंदाला ०.६५ मीटरने सरकतो. शंभर मीटर जमिनीवर चालायला ७५ सेकंद लागतात, पट्ट्यावर पूर्ण वेगाने चाललं तर ५०. जास्तीत जास्त बचत २५ सेकंद, आणि तीही क्वचितच पदरात पडते. सेथ यंग यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विमानतळांवरच्या निरीक्षणांत लोक पट्ट्यावर चढल्यावर आपला चालण्याचा वेग कमी करतात असं आढळलं. मनोज श्रीनिवासन यांनी २००९ मध्ये त्याचं कारण ऊर्जेच्या हिशोबात शोधलं. सरकत्या जिन्यावर तर हा संकेत गर्दीच्या वेळी उलटा पडतो. लंडनच्या होबर्न स्थानकात २०१५ मध्ये दोन्ही बाजूंना लोकांना उभं राहायला सांगून पाहिलं, तेव्हा त्याच जिन्यावरून तासाला जास्त माणसं वर गेली. उंच जिन्यावर चालायची बाजू बरीचशी रिकामीच राहते, हे त्याचं कारण. जपानच्या साइतामा प्रांताने २०२१ पासून जिन्यावर उभंच राहावं असा नियमच केला आहे.

पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला मात्र कुणीही थांबू नये, धडधाकट असो वा थकलेला. एरवी पुढचा थांबला तर मागचाही पाय रोखून टक्कर पुढे ढकलू शकतो. पट्ट्यावर पाय रोखले तरी वेग शून्य होत नाही, पट्टा माणसाला पुढे आणतच राहतो. उतरल्यावर सात-आठ पावलं सरळ चालत जावं, एखाद्या खांबाच्या आडोशाला व्हावं, आणि मग बोर्डिंग पास शोधावा.