फाटलेला लॅब्रम शिवायचा का? फेकणाऱ्या खांद्याच्या उपचारांची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात आज खांद्याचा एमआरआय सहज निघतो. अहवालात ‘स्लॅप टेअर’, म्हणजे खांद्याच्या खोबणीभोवतीची मऊ कड (लॅब्रम) वरच्या बाजूला फाटली आहे, असं लिहून आलं की भालाफेक करणाऱ्या पोराच्या किंवा व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणाऱ्या पोरीच्या घरी एकच विषय सुरू होतो, ऑपरेशनचा. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. खांदा निखळला तर हाडवैद्य बसवायचा, बाकी दुखण्याला चोळणं आणि शेकणं. 1956 मध्ये औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय आलं, पुढे अंबाजोगाईलाही. पण साध्या एक्स-रेत लॅब्रम दिसत नाही, स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंधही दिसत नाहीत. हाड शाबूत असलं की विश्रांती सांगायची, एवढंच हाती होतं.

1972 मध्ये अमेरिकेतून मांडणी आली की खांद्याच्या वरच्या हाडाखाली स्नायुबंध घासतो. ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया जगभर रुळली. फेकणाऱ्यांना ती मांडणी नीट लागू पडत नव्हती. 1992 मध्ये फ्रान्समधून दाखवलं गेलं की हात मागे ताणलेला असताना स्नायुबंधाची आतली बाजू खोबणीच्या मागच्या-वरच्या कडेशी चिमटते.

खरा गुंता स्लॅपचा. 1985 मध्ये अमेरिकेत 73 फेकणाऱ्या खेळाडूंच्या खांद्यात, बायसेप्सच्या मुळाशी, लॅब्रमचा वरचा भाग फाटलेला आढळला. 1990 मध्ये त्याला स्लॅप हे नाव मिळालं आणि चार प्रकार ठरले. दुसऱ्या प्रकारात लॅब्रम बायसेप्सच्या मुळासकट हाडापासून सुटतो. दुर्बिणीतून हाडात अँकर (छोटी खुंटी) बसवून तो शिवणं हा मग सरळ उपाय वाटू लागला. पण फेकणाऱ्याचा हात इतरांपेक्षा जास्त मागे वळावा लागतो, त्यावरच त्याचा वेग अवलंबून असतो. शिवलेला खांदा आखडला तर दुखणं थांबूनही भाला पूर्वीइतका जात नाही. शिवाय काहीही त्रास नसलेल्या फेकणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही लॅब्रममधले बदल वारंवार दिसतात. 2017 मध्ये नॉर्वेतल्या चाचणीत 118 रुग्णांचे तीन गट केले: लॅब्रम शिवलेला, बायसेप्स दुसरीकडे जोडलेला, आणि नुसता छेद देऊन दिखाऊ शस्त्रक्रिया केलेला. दोन वर्षांनी तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. या रुग्णांचं सरासरी वय चाळिशीच्या आसपास होतं, त्यामुळे हा निकाल अठरा वर्षांच्या भालाफेकपटूला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. तरीही केवळ अहवालावरून टाके घालायची घाई करणं मला पटत नाही.

पोराला पाठीवर झोपवून दोन्ही खांद्यांचं आतलं आणि बाहेरचं वळण मोजायला कोणतंही मशीन लागत नाही. वाढत्या वयात फेकून फेकून दंडाचं हाडच वेगळं वळतं, म्हणून आतलं वळण थोडं कमी असणं हा आजार नव्हे. दोन्ही बाजूंची एकूण बेरीज जुळते का, ते पाहायचं. शर्ट काढून मागूनही पाहावं. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत खांद्याच्या पात्यामागचा स्नायू नस दबल्यामुळे वाळतो, आणि बऱ्याचदा दुखतही नाही. फेकीतली सुमारे निम्मी ताकद पाय आणि कंबरेतून येते, तेव्हा नुसता खांदा तपासून भागत नाही.

2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमधल्या सुवर्णपदकानंतर भाल्याची ओढ वाढली. पोलीस भरतीतल्या गोळाफेकीनेही अनेकांचे खांदे धरतात. त्यात हात फेकीचा नसून ढकलण्याचा असतो, हे तपासताना ध्यानात ठेवायला हवं. मैदानी चाचणी तोंडावर आली की स्टेरॉइडचं इंजेक्शन मागितलं जातं. त्याने काही आठवडे दुखणं दबतं, पण फाटलेलं सांधत नाही की कमजोर स्नायूला बळ येत नाही. व्यायामाला काही महिने लागतात: आधी पात्याचे स्नायू, मग रबरी पट्ट्यावर बाहेरच्या वळणाचे, शेवटी टप्प्याटप्प्याने फेक. तालुक्याच्या गावाहून दर आठवड्याला जिल्ह्याला येणं कुणाला परवडत नाही, म्हणून काही फिजिओ पोराच्याच मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ काढून देतात आणि महिन्याने पुन्हा वळण मोजायला बोलावतात.