अर्धा लिटर पाणी खिशात आणि बत्तीस बोअरचा हिसका

निफाडचे माझे मामा गेल्या महिन्यात नाशिकमध्ये अंबडला माझ्या वर्कशॉपवर आले ते डायरेक्ट विषयावरच, "भाच्या, हे लोढणं विकून ते हलकंवालं घेऊ का रे?" लोढणं म्हणजे त्यांचं बत्तीस बोअरचं (नळीचं भोक साधारण ०.३२ इंच) रिव्हॉल्व्हर. द्राक्षाच्या सीझनमध्ये कॅश घेऊन फिरावं लागतं म्हणून कधीकाळी लायसन्स काढलेलं, आणि रिव्हॉल्व्हर मधून मोडून काडतुसं भरायची त्या जुन्या घडणीचं. रिकामं आहे ना हे दोघांनी बघून काट्यावर ठेवलं तर भरलं ७०० ग्रॅम. हलकंवालं म्हणजे 'निर्भीक', कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ च्या जानेवारीत काढलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. मी म्हटलं मामा, चहा सांगतो, आधी वजनाचं बघू.

तर पहिलं काम मी काय केलं, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली त्यांच्या पॅन्टच्या उजव्या खिशात कोंबली आणि म्हटलं आज दिवसभर हीच घेऊन फिरा. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, हिशोब सोपा. मामा रविवार कारंजाला एक काम आटपून संध्याकाळी परत आले तेव्हा पॅन्ट एका बाजूने खाली आली होती आणि दर चार पावलांनी हात पट्ट्याकडे जात होता. हे मुद्दाम सांगतोय कारण रोज लपवून बाळगायच्या हत्यारात वजनाचा खरा त्रास इथे आहे, मांडीवर आपटणारं, शर्टातून फुगवटा दाखवणारं, आणि वैतागून शेवटी घरच्या कपाटात पडून राहणारं. म्हणजे हलकं पाहिजे हे मामांचं म्हणणं काही चुकीचं नाही.

आता दुसरी बाजू. गोळी पुढे जाते तेव्हा जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) पुढे जातो तेवढाच मागे हातात येतो, हे न्यूटनचं तिसरं, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं. बत्तीसची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास, छोट्या नळीतून थोडा कमीच. त्यात जळलेल्या दारूचा गॅस धरा, तो वजनाला नगण्य पण वेगाने हजार मीटरच्या पुढे. सगळं मिळून दीड किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा आकडा काडतुसाचा आहे, रिव्हॉल्व्हर कुठलंही घ्या, तो फारसा बदलत नाही. बदलतं काय, तर हा दीडचा धक्का घेऊन रिव्हॉल्व्हर किती जोरात मागे येतं ते. ७०० ग्रॅमचं येतं साधारण २.१ मीटर प्रति सेकंदाने, ५०० ग्रॅमचं येतं तीनने. आणि तळव्याला जी लागते ती ऊर्जा, त्यात वेगाचा वर्ग येतो, म्हणून १.६ ज्यूलची होते २.३ ज्यूल. २०० ग्रॅम वाचवले, हिसका ४० टक्के वाढला.

देवळालीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको, तोफेचे आवाज ऐकतच मोठे झालेत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एम-७७७ ही हलकी तोफ लष्करात दाखल झाली, १५५ मिलिमीटरची आणि वजन फक्त सव्वाचार टनाच्या आसपास, म्हणून तर हेलिकॉप्टरला टांगून नेता येते. तिच्यातही टायटॅनियमच. पण तोफ हलकी केली म्हणून गोळा काही हलका होत नाही ना, मग तो धक्का गिळायला बॅरल मागे सरकतं, हायड्रॉलिक सिलिंडर त्याला दाबून धरतो, मागचे फाळ जमिनीत रुततात. रिव्हॉल्व्हरमध्ये हे सगळं कोण करतं? मामांचं मनगट. त्यात अंगठ्याच्या सांध्यात संधिवात.

(निर्भीक आलं तेव्हा 'महिलांसाठी खास हलकं' अशी जाहिरातबाजी झाली होती. पर्समध्ये हलकं, खरं आहे. हातात उडवताना तेच जास्त झोंबणार हे कोणी बोललं नाही.)

पण थांबा, इथे एक गंमत आहे. नेटवर हलक्या रिव्हॉल्व्हरबद्दल जे काही घाबरवणारं वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं आणि तिथलं काडतूस वेगळं. अडतीस स्पेशलची गोळी दहा ग्रॅमची, ४१५ ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या (म्हणजे सांगाड्याच्या) रिव्हॉल्व्हरमधून उडवली तर आठ ज्यूलच्या पुढे जाते. ३५० ग्रॅमपेक्षाही हलक्या रिव्हॉल्व्हरमधून मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार) काडतूस उडवणारे महाभाग आहेत, तिथे आकडा २५-३० ज्यूलला जातो, म्हणजे आपल्या निर्भीकच्या दहापटीच्याही पुढे. आपल्याकडे अडतीस साध्या लायसन्सवर मिळतच नाही. त्यामुळे तिकडचा 'हलकं घेऊ नका, हात फुटेल' हा सल्ला बत्तीसवाल्याने जसाच्या तसा उचलायचं कारण नाही. बत्तीस हे मुळात मवाळ काडतूस आहे. मवाळ आहे म्हणून तिकडचे त्याला नावं ठेवतात ते वेगळं.

तिकडच्या त्या अति हलक्या मॉडेलांमध्ये अजून एक भानगड होते जी मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. सिटीलिंकच्या बसमध्ये तुम्ही उभे आहात आणि ड्रायव्हरने एकदम गाडी दामटली तर बस पुढे जाते आणि तुम्ही मागे पडता, जडत्व. तसंच, पहिली गोळी उडाली की रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं, पण सिलिंडरमधल्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागातल्या) बाकीच्या काडतुसांची शिशाची गोळी आहे तिथेच राहू बघते, म्हणजे कवचातून थोडी थोडी पुढे निसटते. दोन-तीन बारांनंतर एखादी इतकी बाहेर येते की फ्रेमला अडते आणि सिलिंडर फिरतच नाही. जाम.

धातूचं बोलायचं तर स्टीलची घनता ७.८, टायटॅनियमची ४.५, अ‍ॅल्युमिनियमची २.७. मग सगळं अ‍ॅल्युमिनियमचंच का नाही करत? केलं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन हवाई दलाने वैमानिकांसाठी कोल्टकडून फ्रेम आणि सिलिंडर दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचं रिव्हॉल्व्हर करून घेतलं, वजन ३१० ग्रॅमच्या आसपास. मग कमी दाबाची खास काडतुसं काढावी लागली, तरी सिलिंडरला तडे जायला लागले आणि शेवटी त्यातली बहुतेक नष्ट केली. स्टीलला एका ताणाच्या खाली कितीही वेळा दाबा, ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियम थकतं, प्रत्येक बार हिशोबात धरतं. नंतर अ‍ॅल्युमिनियममध्ये चिमूटभर स्कँडियम हा धातू घालायची युक्ती निघाली, कण बारीक होतात, ताकद वाढते, आणि ही युक्ती गाजली ती मिग-२९ या लढाऊ विमानामुळे, ज्याची देखभाल आपल्या ओझरला होते.

आता ट्रिगर. मी माशांचा ताणकाटा (आजोबांचा, अजून चालतो) मामांच्या त्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या ट्रिगरला अडकवला, रिकामं आहे हे परत एकदा सिलिंडर उघडून बघितलं, आणि घोडा न चढवता सरळ ओढलं. काटा पाच किलोच्या पुढे गेला तेव्हा टक् झालं. विचार करा, निर्भीकसारखी ५०० ग्रॅमची वस्तू स्थिर धरायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने तिच्या दहापट जोर लावायचा! नळी हलणारच. आणि तीन इंची नळीवर पुढची माशी आणि मागची खाच (नेम धरायच्या दोन खुणा) यांत साधारण दहा-बारा सेंटिमीटर अंतर, तिथे एक मिलिमीटर चूक झाली की सात मीटरवर गोळी सहा-सात सेंटिमीटर बाजूला. माझं मत विचाराल तर वजनापेक्षा ट्रिगर आणि मूठ आधी बघावी, करंगळी मुठीवर पुरती बसते का ते बघावं, रबरी मूठ असेल तर तोच धक्का जास्त जागेवर आणि जास्त वेळात पसरतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेलं 'प्रबल' हे रिव्हॉल्व्हर पुन्हा ७०० ग्रॅमच्या जवळ आहे, पण त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, मधून मोडावं लागत नाही, आणि मामांच्या अंगठ्याला मला ते जास्त सोयीचं वाटतं.

बाकी लायसन्सच्या अटी आहेतच, जत्रा, धार्मिक मिरवणूक, जमाव, शाळा-कॉलेजचं आवार इथे खास परवानगीशिवाय न्यायचं नाही, म्हणजे सिंहस्थात गोदाघाटावर जाताना ते घरीच कुलपात. मामांनी हे ऐकून "मग हलकं काय आणि जड काय" असा चेहरा केला.

परवा त्यांचा फोन आला. दुकानात 'प्रबल' हातात घेऊन बघून आले म्हणे, करंगळी बसते. पण पैसे भरण्याआधी एक आठवडा पाऊण लिटरची बाटली खिशात घालून फिरणार आहेत, कारण अर्ध्या लिटरच्या नादात मामींनी आधीच दोन पॅन्टींचे खिसे शिवलेत.